चोडण आणि दिवाडी : फेरीबोटीनं गाठायची गोव्यातली दोन शांत बेटं, कमी खर्चात

गोवा म्हटलं की किनारा, गर्दी आणि फुगलेली बिलं हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. पण पणजीपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर, मांडवीच्या पात्रात अशी दोन बेटं आहेत जिथं समुद्रकिनारा नाही, बाजार नाही आणि खर्च करायला फारशी जागाही नाही. खारफुटी, भातशेती, पक्षी आणि जुनी गावं एवढीच इथली मिळकत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कुटुंबाला एका मुक्कामात दोन्ही बेटं पाहून परतता येतं.

बेटं नेमकी कुठं?

चोडण आणि दिवाडी ही दोन्ही बेटं तिसवाडी तालुक्यात येतात. चोडणच्या दक्षिणेला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला म्हापसा नदी आहे. दिवाडी त्याच्या पूर्वेला, जुन्या गोव्याच्या बरोबर समोर आहे. दोन्ही ठिकाणी भरती-ओहोटीचं पाणी येतं, त्यामुळे ही बेटं नदीत असली तरी भोवतालचं पाणी बरंचसं खारं असतं. इथला निसर्ग त्यावरच उभा आहे.

जायचं कसं?

बेळगावहून चोर्ला घाटमार्गे पणजीला कदंब आणि कर्नाटक परिवहनच्या बस आहेत. पणजी बसस्थानकावरून जुने गोवे, फोंड्याकडे जाणारी लोकल बस पकडून रायबंदरला उतरायचं. ही बस ज्या लांबलचक बंधाऱ्यावरून जाते तो पोर्तुगिजांनी १६३३-३४ च्या सुमारास बांधला. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट चोडणला सोडते. दिवाडीसाठी सां पेद्रू आणि जुने गोवे असे दोन धक्के या काठावर आहेत, तर तिसरा पलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावात आहे. फेरीसेवा गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याची आहे. पायी येणाऱ्याला भाडं नाही, चारचाकीला शुल्क पडतं.

स्वतःची गाडी असेल तर आणखी सोयीची वाट आहे. चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोलीवरून नार्वे गाठायचं, तिथून फेरीनं दिवाडीत शिरायचं आणि दुसऱ्या टोकाला फेरीनंच जुन्या गोव्यात उतरायचं. चोडणलाही मयेच्या बाजूनं रस्त्यानं जाता येतं. मात्र चोडणहून दिवाडीला जाताना एकदा काठावर यावं लागतं, हे वेळापत्रक आखताना धरून चला.

लांबून येणाऱ्यांपैकी ग्वाल्हेरकरांना गोवा एक्स्प्रेस बेळगाव, लोंढामार्गे वास्कोपर्यंत आणते. वडोदऱ्याहून कोकण रेल्वेच्या गाड्या मडगावला येतात. जुन्या गोव्याला सर्वांत जवळचं स्थानक करमळी, पण सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत.

चोडण : खारफुटीतलं अभयारण्य

चोडणच्या धक्क्यावर उतरलं की चालत काही मिनिटांत डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य येतं. १९८८ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचं क्षेत्र अवघं १.७८ चौरस किलोमीटर आहे. आकार लहान, पण इथली खारफुटी दाट आहे. चिखलातून वर आलेली श्वासमुळं, त्यांच्यामधून उड्या मारणारे निवटे, बिळाबाहेर एकच मोठी नांगी हलवणारे खेकडे असं बरंच काही पायवाटेवरून दिसतं. बगळे, खंड्या, पाणकावळे, ब्राह्मणी घार वर्षभर भेटतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात स्थलांतरित पाणपक्ष्यांची भर पडते. कोल्हे आणि पाणमांजरंही या भागात आहेत. मगरीही आहेत, म्हणून पाण्याच्या कडेला पाय सोडून बसू नये.

इथं दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. होडीनं आत जायचं असेल तर भरती हवी, कारण ओहोटीला नाले उघडे पडतात. चिखलावर चरणारे पक्षी पाहायचे असतील तर उलट ओहोटी बरी. त्यामुळे निघण्याआधी त्या दिवशीची भरतीची वेळ बघा. सकाळी लवकर पोहोचलेल्याला जास्त दिसतं, हे सांगायलाच नको.

दिवाडी : देवळांची आठवण

दिवाडीवर पियेदाद, मालार, नार्वे अशी वस्ती आहे. पियेदादच्या टेकडीवरच्या चर्चजवळून मांडवी, हिरवी शेतं आणि पलीकडचं जुने गोवे एका नजरेत येतं. पण मराठी वाचकाचा या बेटाशी खरा धागा आहे तो सप्तकोटेश्वराचा. कदंब राजांचं हे दैवत मुळात दिवाडीवरच्या नार्व्यात होतं. पोर्तुगीज काळात ते देऊळ मोडलं गेलं आणि देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेला. तिथल्या देवळाची पुनर्बांधणी छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवली. बेटावर जुन्या तीर्थाच्या खुणा आहेत आणि फेरी ओलांडली की महाराजांनी उभारलेलं देऊळ.

अशीच गोष्ट आणखी दोन देवांची. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडणचा, तर खांडोळ्याचा महागणपती दिवाडीचा. या देवस्थानांचे महाजन असलेल्या अनेक घरांना आपलं मूळ गाव म्हणून ही बेटं ठाऊक असतात, पण पाहिलेली नसतात.

हिशेब कसा बसतो?

या सहलीत मोठा खर्च तीनच ठिकाणी होतो : गावाहून पणजीपर्यंतचं भाडं, एक मुक्काम आणि जेवण. फेरी फुकट, लोकल बस स्वस्त, अभयारण्याला प्रवेश तिकीट आहे. होडी ठरवली तर ती वेगळी, म्हणून चार-सहा जणांत वाटून घेतलेली परवडते. बेटांवर घरगुती निवास आहेत, पण थोडेच. हात आखडता असेल तर पणजीत साध्या लॉजवर राहून दिवसा बेटावर जाणं बरं. डिसेंबरअखेर सगळीकडे दर चढतात, ते दिवस टाळा. जानेवारीचा मधला आठवडा खिशालाही बरा आणि पक्ष्यांसाठीही.

पाण्याची बाटली, टोपी, दुर्बीण असेल तर दुर्बीण आणि सुटे पैसे घरूनच न्या. चहा, भाजी-पाव आणि दुपारचं जेवण मात्र बेटावरच घ्या. सगळा डबा बांधून नेला तर वाचतात थोडे पैसे, पण गावाच्या वाट्याला फक्त कचरा येतो. परतीची शेवटची फेरी किती वाजता, हे उतरतानाच विचारून ठेवा. कोकणी येत नसली तरी मराठीत विचारलेलं सगळ्यांना कळतं.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव असतो. तो बघण्यासारखा आहे, पण शांतता हवी असणाऱ्यानं त्या दिवशी जाऊ नये. पावसाळ्यात शेतं सर्वांत हिरवी असतात, मात्र चोर्ला घाटात दरडी आणि नदीला जोर असतो, तेव्हा चौकशी करूनच निघावं.

हिरवाई टिकते कशावर?

फेरीतून दिसणारी भातशेती आपोआप उगवलेली नाही. ही खाजन जमीन आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली. बांधात लाकडी दारांची मानस असते. भरती आली की पाण्याच्या दाबानं दारं मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. खारं पाणी सोसणारं कोरगूट भात इथं पिढ्यान्‌पिढ्या लावलं जातं. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी, अशी जुनी रीत आहे. पण शेती परवडेनाशी झाली, की मासळीच्या लोभानं खारं पाणी आत घेतलं जातं. बांध फुटला तर एका हंगामात शेत पडीक होतं आणि ते पुन्हा पिकायला वर्षं लागतात.

म्हणून बांधावरून गाडी घालू नये, मानशीपाशी बाटल्या टाकू नयेत, खारफुटीत स्पीकर लावू नये. पूल हवा की फेरी बरी, हा वाद गोव्यात जुना आहे. आजारी माणसाला रात्री दवाखान्यात न्यायचं तर फेरीची वाट बघणं सोपं नाही, हे बेटावरचा कुणीही सांगेल. तो निर्णय तिथं राहणाऱ्यांचा. पाहुण्याच्या हातात एवढंच आहे, की दोन दिवसांच्या स्वस्त सहलीची किंमत गावाला मोजावी लागू नये.