रामेन कोठें खावें?

“आम्ही मुंबईस चाललों आहों, तेथें चांगलें रामेन कोठें मिळेल?” असा प्रश्न सोलापुरांतील एका परिचित घरच्या तरुण मंडळींनीं मध्यंतरीं मला केला. मीं कांहीं बोलण्यापूर्वींच शेजारीं शेंगा निवडीत बसलेल्या आजीबाईंनीं विचारलें, “तें रामेन म्हणजे काय रे?” “जपानी शेवया, आजी.” “मग त्या तिकडे वाळवणांत करतात का?” तरुण मंडळी हंसली. मला मात्र आजीबाईंचा प्रश्न अधिक नेमका वाटला, आणि आज त्याच्याच मागानें जाण्याचा माझा विचार आहे.

आमच्याकडे खपली गव्हाची कणीक तिंबून, ती हातानें ओढून, काठीवर वाळत घातलेल्या शेवया आपणांस ठाऊक आहेत. आपण त्या दूधसाखरेंत शिजवितों, तिकडे त्या खारट रश्श्यांत पडतात. पण खरा भेद हा नव्हे. रामेनच्या पिठांत ‘कान्सुइ’ नांवाचें खारें पाणी घालतात. त्यांत सोडियम व पोटॅशियम यांचीं कार्बोनेटें असतात. म्हणजे तो आपल्या पापडखाराचा भाऊबंदच झाला. त्या खारानें शेवयांस पिवळसर झांक येते, त्या दांतांखालीं लवचिक लागतात आणि ऊन रश्श्यांतहि कांहीं वेळ टिकाव धरतात. जपानच्या जुन्या सोबा व उडोन या शेवयांत हा खार नसतो. कारण ही युक्तिच मुळीं चीनची. चिनी भाषेंत ‘ला’ म्हणजे ओढणें आणि ‘म्येन’ म्हणजे शेवई. ‘रामेन’ हा त्याच ‘लाम्येन’चा जपानी उच्चार असावा, असें बहुतेक अभ्यासक मानतात. गंमत अशी कीं, रामेनच्या शेवया आतां बहुधा यंत्रानें कापल्या जातात. ओढण्याचें काम राहिलें आहे तें आमच्या आजीबाईंकडे!

योकोहामा बंदर १८५९ सालीं परदेशी व्यापारास खुलें झालें, आणि तेथें चिनी लोकांची वस्ती वाढली. पूर्वीं त्याच बंदरांत जकात खात्यांत नोकरी केलेले ओझाकी कानइची या गृहस्थांनीं १९१० सालीं टोकिओच्या आसाकुसा भागांत ‘रायरायकेन’ नांवाचें उपाहारगृह काढलें. आचारी त्यांनीं योकोहामाच्या चिनी वस्तींतून आणले. ते कँटनकडचे होते. रस्सा चिनी, त्यांत जपानी सोया सॉस, वर डुकराच्या मांसाचे काप, आणि किंमत बेताची. आसाकुसा ही करमणुकीची पेठ. तेथें येणाऱ्या कामकरी लोकांनीं तो वाडगा उचलून धरला. त्याला लोक ‘शीना सोबा’, म्हणजे चिनी शेवया, असें म्हणत. उसनवारी कोणी लपविली नव्हती. सोलापुरी चादर विणणारे कित्येक पद्मशाली हात तेलंगणांतून आले, हें आपण तरी कोठें लपवितों?

परंतु ‘शीना’ या शब्दाला पुढें निराळाच वास येऊं लागला. १९३१ सालीं जपाननें मांचुरिया घेतला आणि १९३७ च्या जुलैंत चीनशीं उघड युद्ध पेटलें. ज्या देशाच्या नांवाचा वाडगा टोकिओंत आवडीनें खाल्ला जात होता, त्याच देशांत जपानी फौजा गांवेंच्या गांवें जाळीत होत्या. चिनी माणसाच्या कानाला ‘शीना’ ही शिवी वाटूं लागली ती उगीच नव्हे.

येथें आपल्या गांवाचा संबंध येतो. १९१० सालींच, रायरायकेन निघालें त्या वर्षीं, सोलापुरांत द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म झाला. चीनच्या साह्यार्थ काँग्रेसनें पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून ते सप्टेंबर १९३८ मध्यें मुंबईहून निघाले. पथकांतील इतर मंडळी यथाकाल परतली, डॉ. कोटणीस मागें राहिले. उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखांत, जेथें सैन्याचें मुख्य अन्न राळे होतें, त्यांनीं जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, तेथील भाषा आत्मसात् केली आणि क्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशीं विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांचें तेथेंच देहावसान झालें. पदरीं तीन-चार महिन्यांचा मुलगा होता. सोलापुरांत भय्या चौकांत त्यांचें स्मारक आहे. मुंबईच्या गाडींत बसण्यापूर्वीं आमच्या तरुणांनीं तें एकदां पाहावें, असें मीं त्यांना सुचविलें.

जपानचा पराभव झाल्यावर, १९४६ सालीं, तेथील परराष्ट्र खात्यानें ‘शीना’ हा शब्द टाळण्याची सूचना काढली. वाडग्याचें नांवहि बदललें. तो ‘चूका सोबा’ झाला. अर्थ पुन्हां चिनी शेवया हाच, पण शब्द सभ्य! त्या वर्षांत जपानांत तांदळाचा दुष्काळ होता आणि अमेरिकेचा गहू येत होता, तेव्हां काळ्या बाजारांतील गाड्यांवर या शेवयांनींच पुष्कळांचीं पोटें भरलीं. ओसाकांत अशा एका गाडीपुढील लांबलचक रांग मोमोफुकु अँडो यांच्या मनांत ठसली. तेहि १९१० सालचेच, जन्म तैवानांतला. त्यांनीं शेवया तेलांत तळून वाळविण्याची रीत शोधून १९५८ सालीं ‘चिकन रामेन’चीं पुडकीं विक्रीस काढलीं, आणि ‘रामेन’ हें नांव जपानभर रूढ झालें. आपल्याकडे १९८३ च्या सुमारास मॅगी आली, पुढें ‘टॉप रामेन’ आलें. सोलापूरच्या बहुतेक घरांनीं रामेन हा शब्द प्रथम वाचला तो वाण्याच्या दुकानांतील पुडक्यावरच.

आतां मूळ प्रश्न. जपानांत जाणें झालें, तर टोकिओंत सोया सॉसचें, साप्पोरोस मिसोचें आणि हाकाताकडे डुकराचीं हाडें रस्सा दुधासारखा पांढरा होईपर्यंत उकळून केलेलें रामेन खावें. योकोहामास १९९४ पासून रामेनचें संग्रहालय आहे. तेथें २०२० सालीं ओझाकींच्या वंशजांच्या साह्यानें रायरायकेनचा वाडगा पुन्हां सिद्ध करण्यांत आला. मुंबईंत वांद्र्याकडे जपानी पद्धतीचीं उपाहारगृहें आहेत. पाटीपेक्षां रस्सा किती वेळ उकळला, याची चौकशी करणें बरें. शाकाहारी मंडळींनीं तर ती आधींच करावी; वर नुसती भाजी दिसली तरी खालचें पाणी हाडांचें असूं शकतें. अळंबी व समुद्रशेवाळ यांचा निर्मांस रस्साहि कोठें कोठें मिळतो.

आवाज होईल म्हणून संकोचूं नये. आपण आमटीचा भुरका मारतों तसा तो तेथेंहि मारतात. आणि वाडगा पुढ्यांत येतांच गप्पा थांबवाव्या. खार कितीहि चांगला असला तरी शेवया पांच-सात मिनिटांतच फुगूं लागतात.