पॅलेडियमच्या पोटातला हायड्रोजन: उत्प्रेरकाचे काम कधी बिघडते, कधी सुधारते?

सुरत–धुळे महामार्गावरच्या विसरवाडीत (ता. नवापूर, जि. नंदुरबार) चहासाठी दुधाची पिशवी फोडली जाते. ही पिशवी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिन बनते इथिलीन वायूपासून. सुरतेजवळ हजिरा इथे आणि रायगड जिल्ह्यात नागोठणे इथे इथिलीनचे मोठे प्रकल्प आहेत. मात्र प्लास्टिक बनवण्याआधी या वायूतून एक नकोसा सोबती काढून टाकावा लागतो: अ‍ॅसिटिलीन. हे काम पॅलेडियम धातूचे अतिसूक्ष्म कण करतात.

अडचण कुठे आहे?

इथेन, प्रोपेन किंवा नाफ्था सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवला की रेणू तुटून इथिलीन मिळते. सोबत थोडे अ‍ॅसिटिलीनही तयार होते. ते राहिले, तर पुढे पॉलिथिन बनवणारा उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून त्याचे प्रमाण दहा लाखांत मोजक्या भागांपर्यंत खाली आणावे लागते.

उपाय सोपा वाटतो. अ‍ॅसिटिलीनला हायड्रोजनचा एक रेणू जोडला की त्याचेच इथिलीन होते. पण तिथेच थांबायला हवे. आणखी एक रेणू जोडला गेला, तर इथिलीनचे इथेन होते. मग माल वाया जातो, शिवाय या क्रियेत बरीच उष्णता बाहेर पडत असल्याने तापमान हाताबाहेर जाण्याचा धोका असतो.

अधिशोषण आणि शोषण यांत फरक काय?

हायड्रोजनचा रेणू पॅलेडियमवर आला की त्याचे दोन अणू सुटे होतात. ते पृष्ठभागावरच चिकटून राहिले, तर ते अधिशोषण. आत शिरून धातूच्या अणूंमधल्या फटींत बसले, तर ते शोषण.

पॅलेडियमची ही भूक जुनी ओळखीची आहे. १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहॅम यांनी दाखवले की हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतो. पुरेसा हायड्रोजन शिरला की पॅलेडियम हायड्राइड तयार होते आणि धातू फुगतो. त्याचे आकारमान सुमारे १० टक्क्यांनी वाढते.

पोटातला हायड्रोजन काय करतो?

आत साठलेले अणू पुन्हा पृष्ठभागाकडे येतात. तिथे आलेल्या रेणूला हायड्रोजनचा सतत पुरवठा होतो आणि अभिक्रिया इथिलीनवर न थांबता इथेनपर्यंत जाते. २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनात अ‍ॅसिटिलीनच्याच कुळातल्या पेंटाइनवर हे दिसले: पॅलेडियम हायड्रोजनने भरलेले असताना निवडकपणा जातो, तर पृष्ठभागालगत कार्बन शिरला की तो परत येतो. कार्बनच्या थरामुळे आतल्या हायड्रोजनची वाट अडते.

पण हा हायड्रोजन नेहमीच खोडकर नसतो. १९९२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी निकेलवर दाखवले की पृष्ठभागावरचा हायड्रोजन मिथिल गटाशी अभिक्रिया करत नाही. धातूच्या आतून वर येणारा हायड्रोजन मात्र त्याचे मिथेन करतो.

कण लहान झाला की काय बदलते?

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दोन-तीन नॅनोमीटरच्या कणात बरेचसे अणू पृष्ठभागावरच असतात. ‘पोट’ उरते छोटे. त्यामुळे असा कण धातूच्या मोठ्या तुकड्याच्या मानाने कमी हायड्रोजन साठवतो. मग कण शक्य तितके लहानच का करू नयेत? कारण फार लहान कणांना अ‍ॅसिटिलीन इतके घट्ट चिकटते की अभिक्रियेचा वेग मंदावतो.

कारखान्यात काय करतात?

पॅलेडियममध्ये चांदी मिसळण्याचा उपाय रूढ आहे. चांदीमुळे हायड्रोजन पोटात कमी शिरतो आणि इथिलीन पृष्ठभागावरून लवकर सुटते. प्रयोगशाळेत याच हेतूने वापरला जाणारा लिंडलार उत्प्रेरक १९५२ पासून माहीत आहे. त्यात पॅलेडियमला शिसे देऊन मुद्दाम थोडे सुस्त केलेले असते.

थोडक्यात

उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही, असे शाळेत शिकवतात. ते खरेच आहे. पण काम करताना तो जसाच्या तसा राहतो, असे मात्र नाही. पॅलेडियमचा कण हायड्रोजन पितो, फुगतो आणि वेगळा वागू लागतो. म्हणून त्याच्या पृष्ठभागाइतकेच त्याच्या पोटात काय आहे, हेही पाहावे लागते.