काठी हातची आणि काठी दुकानची

नगारा दुमदुमूं लागला म्हणजे लोकांचें लक्ष नगाऱ्याकडे जातें. फार झालें तर तो वाजविणाऱ्याकडे जातें. त्याच्या हातांतील काठीकडे मात्र कोणी पाहत नाहीं. जुनें वाद्य वस्तुसंग्रहालयांत जाऊन बसतें आणि मोडलेली काठी चुलींत जाते. या उपेक्षित काठीची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें, आणि ती सांगतां सांगतां एका प्रश्नाचा विचार करणार आहें. वाजविणाऱ्यानें आपली काठी आपल्या हातासाठीं मुद्दाम घडवावी, कीं दुकानांत तयार मिळते ती घ्यावी? वरवर पाहतां हा प्रश्न किरकोळ खरेदीचा वाटेल. परंतु ज्यांनीं आपलें आयुष्य चर्मवाद्यांपुढें घालविलें, त्यांना तो तसा वाटलेला नाहीं.

प्रथम आपल्या घरचींच उदाहरणें घेऊं. गोंधळ्याचा संबळ आपण ऐकलेला आहे. त्याच्या दोन काठ्यांपैकीं एकीचें टोंक वळवून गोल केलेलें असतें. ताशाच्या काठ्या बारीक व लवचिक, आणि ढोलाचें टिपरूं त्यांच्या मानानें जाड. ही निवड शोभेसाठीं झालेली नाहीं. टणक व लहान टोंक कातड्यावर आदळतांच उडतें. त्याचा स्पर्श क्षणमात्र असल्यामुळें नादांतील उंच स्वर मोकळे राहतात आणि ध्वनि कडक व स्पष्ट येतो. मऊ व मोठें टोंक कातड्यावर किंचित् अधिक काळ टेकतें. तेवढ्यांत उंच स्वर दबतात आणि खालचा गंभीर नाद तेवढा उरतो. म्हणजे आपण ज्याला वाद्याचा आवाज म्हणतों, त्यांत काठीचा वांटा थोडाथोडका नाहीं. काठी बदलली कीं तेंच वाद्य दुसऱ्या भाषेंत बोलूं लागतें.

काठीविषयीं लिहून ठेवलेला इतिहास पाहावयाचा तर मात्र युरोपांत जावें लागतें. आणि तेथेंही आपल्याला भेटतो तो नगाऱ्याचाच भाऊबंद. नगारा हा शब्द मूळच्या अरबी ‘नक्कारा’ या शब्दावरून आला. तींच जोडवाद्यें धर्मयुद्धांच्या काळांत, तेराव्या शतकांत, युरोपांत पोंचलीं आणि इंग्रजींत ‘नेकर’ या नांवानें ओळखलीं जाऊं लागलीं. पुढें १४५७ सालीं हंगेरीच्या राजाचें शिष्टमंडळ फ्रान्सच्या दरबारीं गेलें, तेव्हां घोड्यांच्या पाठीवर लादलेले मोठे नगारे त्याच्याबरोबर होते. आजच्या पाश्चात्य वाद्यवृंदांतील टिंपनी ही याच घराण्यांतील: तांब्याचें मोठें भांडें, त्यावर ताणलेलें कातडें, आणि तें हव्या त्या स्वरांत लावण्याची सोय. दीर्घकाळपर्यंत हे नगारे रणांगणाचे व दरबाराचे होते. तेथें मोठा आवाज हवा होता, आणि तो नुसत्या लाकडी काठीनें सहज मिळत असे.

नगारा संगीताच्या दालनांत शिरला आणि अडचण उभी राहिली. फ्रेंच संगीतकार हेक्तोर बर्लिओझ यानें १८३० सालीं आपली ‘सिंफनी फांतास्तिक’ ही रचना केली आणि तींत स्पंजाचीं टोंकें असलेल्या काठ्या वापराव्या, असें स्वरलेखनांतच लिहून ठेवलें. या रचनेच्या तिसऱ्या भागाच्या अखेरीस दूरवरचा मेघ ऐकूं येतो. तो चार वादकांनीं मिळून नगाऱ्यांवर उभा करावयाचा असतो. लाकडी टोंकानें तो मेघ कडाडला असता, गडगडला नसता. पुढें १८४० नंतरच्या दशकांत वाद्ययोजनेवर लिहिलेल्या ग्रंथांत बर्लिओझनें काठ्यांचे तीन प्रकार वर्णिले: नुसत्या लाकडी टोंकाच्या, कातडें मढविलेल्या आणि स्पंजाच्या, आणि त्यांतील शेवटच्या प्रकाराला त्यानें पसंती दिली. वादक हाताला येईल ती काठी घेईल, ही जुनी समजूत त्यानें मोडली.

पण अशी काठी मिळणार कोठें? ती वादकानें स्वतःच करावयाची. पुढें स्पंजाची जागा लोंकरीच्या नमद्यानें घेतली. दांड्याच्या टोंकाशीं लांकडाचा किंवा बुचाचा गाभा बसवावा, त्यावर नमद्याचें आवरण चढवावें आणि तें शिवून टाकावें. सांगावयास सोपें, पण शिवणीवर पडलेला ठोका इतर बाजूंच्या ठोक्याहून निराळा बोलतो, नमदा जास्त ताणला तर काठी कठीण होते आणि सैल राहिला तर ठोका पुसट होतो. म्हणून टिंपनीवादकाच्या हातीं सुई-दोरा असणें ही त्या कलेंतील नेहमीचीच गोष्ट होऊन बसली. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदांत १९२६ पासून १९७२ पर्यंत टिंपनी वाजविणारे सॉल गुडमन हे आपल्या काठ्या स्वतः तयार करीत, आणि त्या इतरांना विकीतही. येथेंच हातची काठी आणि दुकानची काठी यांच्यामधील भिंत पातळ होऊं लागते.

आतां दुकानाकडे वळूं. १९०९ सालीं शिकागो शहरांत विल्यम व थिओबाल्ड लुडविग या बंधूंनीं मोठा ढोल पायानें वाजविण्याचें पेडल तयार करून विकावयास आरंभ केला. अशा पेडलांमुळें बसलेला एकच मनुष्य अनेक ढोल व झांजा वाजवूं लागला. नृत्यगृहांतून व नाटकगृहांतून वादकांची संख्या वाढली आणि काठ्यांची मागणीही वाढली. एवढ्या लोकांच्या मापाच्या काठ्या एकेक करून कोण घडविणार? म्हणून क्रमांक आले. रस्त्यावरील संचलनासाठीं ‘एस’, बँडसाठीं ‘बी’, वाद्यवृंदासाठीं ‘ए’. ऑर्केस्ट्रा या शब्दाचें आद्याक्षर ‘ओ’ असतां ‘ए’ कां घेतला? छापल्यावर तो अधिक सुबक दिसतो म्हणून, असें सांगतात. अक्षरामागील आंकडा सामान्यतः जितका लहान तितकी काठी जाड. एका प्रसिद्ध कारखान्याची ‘पांच ए’ क्रमांकाची काठी १६ इंच लांब व ०.५६५ इंच जाड असते. त्याचीच ‘सात ए’ साडेपंधरा इंच लांब व ०.५४० इंच जाड. जाडींतील हा फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडासाच अधिक आहे. पण मनगटाला तो तत्काळ कळतो. मात्र एका कारखान्याची ‘पांच ए’ दुसऱ्याच्या ‘पांच ए’शीं तंतोतंत जुळेलच, असें समजूं नये.

दुकानच्या काठीचा सर्वांत बोधप्रद इतिहास बॉस्टन शहरांत घडला. १९३० सालीं जन्मलेले व्हिक फर्थ हे १९५२ सालीं तेथील सिंफनी वाद्यवृंदांत दाखल झाले, १९५६ सालीं मुख्य टिंपनीवादक झाले आणि २००२ सालापर्यंत त्या स्थानीं राहिले. वाद्यवृंदाला गर्जना हवी असते, तसें कुजबुजणेंही हवें असतें. रावेलच्या १९२८ सालच्या ‘बोलेरो’ या रचनेंत लहान ढोल ऐकूं येईल न येईल अशा हळू ठोक्यांनीं आरंभ करतो आणि सुमारे पंधरा मिनिटें तोच बोल वाजवीत शिखरापर्यंत चढत जातो. बाजारांतील काठ्या फर्थ यांना अशा कामास पुरेशा वाटेनात. तेव्हां त्यांनीं स्वतः चाकूनें काठ्या तासून आपल्या मनाजोगते नमुने तयार केले आणि तशाच काठ्या करून देण्यासाठीं ते एका कातारी कारागिराकडे दिले. फर्थ हे शिक्षकही होते. गुरूच्या हातांतील काठी शिष्यांना हवीशी वाटली, शिष्यांमागून दुकानदार आले, आणि १९६० नंतरच्या दशकांत त्या गरजेंतून एक कारखाना उभा राहिला. त्यांच्या आरंभीच्या नमुन्यांपैकीं एकाचें नांवच ‘बोलेरो’ आहे.

याच कारखान्याची आणखी एक गोष्ट सांगतात. एकदां काठ्यांची एक जोडी जमिनीवर पडली, आणि दोन्ही काठ्या निरनिराळ्या स्वरांत वाजल्या, हें फर्थ यांच्या कानानें टिपलें. लांकूड ही निसर्गाची वस्तु आहे. अक्रोडाच्या कुळांतील हिकरी हें झाड काठ्यांसाठीं फार वापरतात, कारण तें आघात सोसतें. पण एकाच खोडांतून निघालेले दोन दांडे घनतेनें सारखे असतीलच असें नाहीं. चरक दोन काठ्यांची आकृति सारखी करील; वजन व स्वर सारखे करणें त्याच्या हातचें नाहीं. तेव्हां उपाय एकच: असंख्य काठ्या कराव्या, त्या तोलाव्या, त्यांचा स्वर ऐकावा, आणि सारखीला सारखी जोडून द्यावी. जोड्या लावण्याची ही पद्धति पुढें सर्वमान्य झाली.

इतरांच्या बाबतींतही असेंच घडलेलें दिसतें. नायगारा फॉल्स येथील जो कॅलाटो हे सुतारकामांत निष्णात असून ढोलही वाजवीत. झांजेवर आदळून काठीचें लाकडी टोंक लवकर झिजतें, ही त्यांची तक्रार होती. १९५८ सालीं त्यांनीं नायलॉनचें टोंक बसविलें. त्याच सुमारास ह्यूस्टन येथील हर्ब ब्रॉकस्टीन यांनीं जपानी ओक लांकडाच्या काठ्या बाजारांत आणल्या.

श्रोतेहो, या सर्व हकीकतींतून मला जें दिसतें तें असें. आपण ज्या काठीला ‘तयार’ म्हणतों, ती कोणा एका वादकानें आपल्या अडचणीवर काढलेला तोडगा असते. पुढें तिच्या हजारों प्रती निघतात, आणि घेणाऱ्याला मूळच्या अडचणीचें विस्मरण होतें. फर्थ यांना कुजबुजावयाचें होतें. रस्त्यावर मिरवणुकीपुढें चालणाऱ्याला कुजबुजावयाचें नसतें. दुसऱ्याच्या प्रश्नाचें उत्तर आपण विकत घेतलें, तर दोष त्या उत्तराचा नव्हे.

तरीही हातच्या काठीचा अभिमान डोळस असावा. कारागीर तुमच्यासाठीं दोनच काठ्या करील, तर जोडी लावावयास त्याच्यापाशीं तिसरी काठी नसते. कारखान्यापाशीं हजारों असतात. शिवाय ऐन कार्यक्रमांत काठी मोडली, तर दुकानची काठी तशीच दुसरी मिळते. मुद्दाम घडविलेली मिळत नाहीं, आणि तिच्या विशिष्ट वजनाला सरावलेला हात त्या दिवशीं परका होऊन बसतो. ज्या विद्यार्थ्यापाशीं ना पैसा ना ओळखीचा कातारी, त्याच्या हातांत चांगल्या जोडीच्या काठ्या पडल्या, हाही तयार मालाचा उपकार लहान नव्हे. उलट नमद्याच्या टोंकाच्या काठीची गोष्ट निराळी आहे. तेथें आवाज शिवणीवर व ताणावर ठरतो, खोलीप्रमाणें व कातड्याप्रमाणें बदलावा लागतो. तेथें हाताच्या कसबाला अद्याप तोड नाहीं.

म्हणून नव्या वादकाला माझें सांगणें एवढेंच आहे: साध्या लाकडी काठ्या दुकानांतून खुशाल घ्याव्या, पण घेण्यापूर्वीं सपाट पाटावर लोळवून त्या सरळ आहेत कीं नाहीं हें पाहावें, दोन्ही हातांत तोलाव्या, आणि एकेक ठोकून त्यांचा स्वर कानानें पारखावा. निरनिराळ्या जाडीच्या दोन-तीन जोड्यांवर काहीं महिने हात बसवावा. एवढें करूनही जो आवाज मनांत आहे तो निघत नसेल, तर मग चाकू घेऊन बसावें, किंवा कारागिराचें दार ठोठवावें. तेव्हां त्याला काय हवें तें तुम्हांला नेमकें सांगतां येईल, आणि तोही तें करून देईल. आपल्याला कोणता आवाज हवा हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला मुद्दाम घडविलेली काठीही दुकानचीच.