इवासाकी, चिहिरो

इवासाकी, चिहिरो : (१५ डिसेंबर १९१८ – ८ ऑगस्ट १९७४). जपानी बालपुस्तक-चित्रकर्ती. तोत्तोचान या पुस्तकातील मुलांच्या चित्रांमुळे मराठी वाचकांना परिचित. जन्म फुकुई प्रांतातील ताकेफू येथे, बालपण टोकियोत. वडील लष्कराकडे स्थापत्य अभियंता, तर आई मुलींच्या शाळेत शिक्षिका. तीन बहिणींत त्या थोरल्या. चौदाव्या वर्षापासून ओकादा साबुरोसुके यांच्याकडे त्या रेखाटन व तैलचित्रण शिकल्या. पुढे सुलेखनाचेही शिक्षण घेतले.

आईवडिलांच्या इच्छेनुसार १९३९ मध्ये त्यांचा विवाह झाला व त्या मांचुरियातील दाइरेन (आजचे दालियान) येथे गेल्या. १९४१ मध्ये पतीने आत्महत्या केल्यावर त्या जपानला परतल्या. मे १९४५ च्या हवाई हल्ल्यात टोकियोतील राहते घर जळाले आणि कुटुंबाने नागानो प्रांतात आईच्या माहेरी आसरा घेतला. युद्धात आपला देश काय करत होता हे उमगल्यावर १९४६ मध्ये त्या जपानी कम्युनिस्ट पक्षात दाखल झाल्या. त्याच वर्षी टोकियोला येऊन त्यांनी एका वृत्तपत्रात लेखन-रेखाटनाची नोकरी धरली आणि चित्रकर्ती तोशी मारुकी यांच्याकडे पुन्हा चित्रकलेचे धडे गिरवले.

हान्स क्रिस्टियन अँडरसनच्या एका आईच्या कथेवर त्यांनी १९४९ मध्ये कामिशिबाई, म्हणजे एकामागून एक चित्रफलक दाखवत गोष्ट सांगण्यासाठीचा चित्रसंच, तयार केला. त्याला १९५० मध्ये शिक्षणमंत्र्यांचे पारितोषिक मिळाले. याच कामाने चित्रकलेवर उपजीविका करण्याचा त्यांचा निश्चय पक्का केला. १९५० मध्ये त्यांनी झेनमेई मात्सुमोतो यांच्याशी विवाह केला. ते पुढे वकील व संसद सदस्य झाले. १९५१ मध्ये मुलगा झाला. त्याला वाढवताना केलेली असंख्य रेखाटने पुढे कामी आली. दहा महिन्यांचे बाळ आणि वर्षाचे बाळ यांतील फरक त्या समोर मूल नसतानाही नेमका दाखवत.

जलरंग हे त्यांचे मुख्य माध्यम. ओल्या कागदावर रंग सोडून ते एकमेकांत मिसळू देणे, बाह्यरेषा गाळून नुसत्या रंगातून आकार उभा करणे आणि कागदाचा बराचसा भाग कोरा ठेवणे ही त्यांच्या शैलीची लक्षणे. पौर्वात्य शाईचित्रांची परंपरा आणि सुलेखनाचा सराव यांचा हा वारसा होय. पावसाच्या दिवशी घरात एकट्या राहिलेल्या मुलीवरील चित्रपुस्तकात (१९६८) कथानक जवळजवळ नाही. मुलीची धाकधूक रंगांच्या ओलाव्यातूनच कळते. पाखराची वाट पाहणाऱ्या मुलीवरील त्यांच्या पुस्तकाला १९७३ मध्ये बोलोन्या येथील बालपुस्तक मेळ्यात पारितोषिक मिळाले.

युद्ध हा त्यांच्या कामाचा दुसरा धागा. हिरोशिमाच्या मुलांनी लिहिलेल्या आठवणींसाठी त्यांनी १९६७ मध्ये चित्रे काढली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, स्वतः आजारी असताना, युद्धाच्या आगीत सापडलेल्या मुलांवरील पुस्तक (१९७३) पूर्ण केले. त्यात जखमा किंवा शस्त्रे जवळजवळ दिसत नाहीत. दिसतात ती आपल्याकडे पाहणारी मुले. टोकियोत यकृताच्या कर्करोगाने, पंचावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

चित्रकारांच्या हक्कांसाठीही त्या झगडल्या. मूळ चित्रे प्रकाशकानेच ठेवून घेण्याची तेव्हा रीत होती. छपाईनंतर चित्र परत मिळाले पाहिजे आणि त्याच्या पुनर्वापरावर चित्रकाराचा हक्क राहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यामुळेच त्यांची नऊ हजारांहून अधिक चित्रे आज एकत्र राहिली आहेत. टोकियोतील त्यांच्या घराच्या जागी १९७७ मध्ये संग्रहालय सुरू झाले. दुसरे १९९७ मध्ये नागानो प्रांतातील मात्सुकावा गावात उभे राहिले.

तेत्सुको कुरोयानागी यांचे तोत्तोचान १९८१ मध्ये, म्हणजे इवासाकींच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे या जपलेल्या साठ्यातून निवडलेली आहेत. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून ते पुस्तक मराठीत आले. त्यातील तोमोए शाळाही १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाली होती. इवासाकींचे घर जळाले तेही त्याच वर्षी.