कूपर्सटाउनची भिंत

न्यूजर्सीत राहणारा माझा भाचा बेसबॉलचा वेडा आहे. आम्ही लहानपणी रणजीचे धावफलक पाठ करायचो, तसे त्याला तिथले आकडे तोंडपाठ. मध्यंतरी फोनवर सहज विचारलं, "काय रे, तुमच्या त्या हॉल ऑफ फेमचं काय चाललंय?" तर म्हणाला, "मामा, त्याला आता कोण विचारतं? सगळे आकडे नेटवर आहेत. कोण मोठा ते आम्हाला कळतं, त्यासाठी पत्रकारांचा दाखला कशाला हवा?" आणि एवढं बोलून पुढचा पाऊण तास तो त्या हॉलने कुणाकुणावर अन्याय केला हेच सांगत होता!

मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. ज्या गोष्टीला कुणी विचारत नाही, तिच्यावर कुणी पाऊण तास भांडत नाही, एवढं मला कळतं. म्हणून या हॉलच्या मागे थोडा लागलो. जे हाती आलं ते इथे मांडतो.

न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं एक खेडं आहे. वस्ती दोन हजारांच्याही आतली. १२ जून १९३९ रोजी तिथे हे सभागृह आणि संग्रहालय सुरू झालं. तिथेच का, तर १८३९ साली ॲबनर डबलडे नावाच्या गृहस्थाने याच गावात बेसबॉलचा शोध लावला, अशी समजूत होती म्हणून. आता गंमत पाहा. ही समजूत पसरली ती १९०७ साली एका समितीने काढलेल्या निष्कर्षामुळे, आणि त्या निष्कर्षाला आधार काय, तर एका वृद्ध माणसाने सांगितलेली बालपणीची आठवण. प्रत्यक्षात १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता. पण मंदीचे दिवस होते, गावाला पर्यटक हवे होते. सिंगर शिलाई मशीनच्या संपत्तीचे वारस स्टीफन क्लार्क यांनी पुढाकार घेतला आणि दंतकथेच्या पायावर इमारत उभी राहिली.

याहून मोठी गंमत पुढेच आहे. हेन्री चॅडविक नावाचा इंग्लंडात जन्मलेला पत्रकार आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. पुढे तो बेसबॉलकडे वळला आणि सामन्याचा धावफलक छापण्याची पद्धत त्याने रुळवली. तो सांगत होता, की हा खेळ इंग्लंडातल्या 'राउंडर्स'वरून आला आहे. त्याचं म्हणणं खोडून काढण्याच्या हट्टापायीच तर ती समिती नेमली गेली. आज त्या भिंतीवर चॅडविकचा फलक आहे. डबलडेचा नाही! सत्याला उशीर होतो, पण कधीकधी ते अगदी विरोधकाच्या घरात येऊन बसतं.

निवडीची रीत अशी. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचं. मग संघटनेत किमान दहा वर्षं काढलेले बेसबॉलपत्रकार मत देतात. ७५ टक्के मतं पडली तर ब्राँझचा फलक, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा. अशा जास्तीत जास्त दहा संधी (२०१४ पर्यंत पंधरा होत्या). पत्रकारांच्या हातून सुटलेल्यांचा विचार वेगळ्या समित्या करतात. १९३६ च्या पहिल्या मतदानात टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन हे पाच जण निवडले गेले. २२६ पैकी कॉबला २२२ मतं, रूथला २१५. म्हणजे बेब रूथसुद्धा लायक नाही असं वाटणारे अकरा जण होते! १९७९ मध्ये विली मेजला ४३२ पैकी २३ जणांनी मत दिलं नाही. एकही मत विरोधात न जाता निवडला गेलेला पहिला खेळाडू म्हणजे मारियानो रिव्हेरा, आणि त्याला २०१९ साल उजाडावं लागलं.

पण चाहत्यांच्या रागाचं खरं कारण हे नाही. राग आहे तो भिंतीवर नसलेल्या नावांचा. बॅरी बाँड्सने ७६२ होमरन मारले. तेवढे दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाहीत. पण उत्तेजक औषधांच्या संशयामुळे २०२२ च्या शेवटच्या संधीतही तो ६६ टक्क्यांवर अडकला. २००७ मध्ये त्याने ७५६ वा होमरन मारून हँक ॲरनचा विक्रम मोडला. तो चेंडू एका फॅशनवाल्याने साडेसात लाख डॉलरला विकत घेतला, त्याचं काय करावं यावर लोकांची मतं मागवली, आणि कौलाप्रमाणे त्यावर तारांकन उमटवून तो हॉलला देऊन टाकला. चेंडू आत, माणूस बाहेर.

पीट रोझचंही तेच. ४२५६ हिट, सर्वाधिक. पण सामन्यांवर पैजा लावल्यामुळे १९८९ मध्ये कायमची बंदी आली. अशा बंदी असलेल्यांचा विचारच करायचा नाही, असा नियम हॉलने १९९१ मध्ये केला. रोझ सप्टेंबर २०२४ मध्ये वारला आणि मे २०२५ मध्ये बेसबॉलच्या आयुक्तांनी मृतांवरची बंदी उठवली. जिवंतपणी दार बंद, मेल्यावर कडी काढली. याला न्याय म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

मतदानाच्या नियमांत सचोटी आणि चारित्र्य पाहावं असंही म्हटलं आहे. चांगलं आहे. पण काळ्या खेळाडूंसोबत मैदानात उतरायला नकार देणारा कॅप अॅन्सन १९३९ पासून त्याच भिंतीवर आहे. तेव्हाच्या लोकांना ते चारित्र्यात बसत होतं! काळ्यांना मोठ्या लीगमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून त्यांच्या वेगळ्या 'निग्रो लीग' होत्या. १९६६ मध्ये टेड विल्यम्स हा गोरा खेळाडू आपल्या सत्काराच्या भाषणात म्हणाला, की सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांनाही एक दिवस इथे जागा मिळावी. पाच वर्षांनी पेजला जागा मिळाली. सुरुवातीला ठरलं होतं की अशा खेळाडूंसाठी वेगळा कोपरा करायचा. म्हणजे मैदानात वेगळे, भिंतीवरही वेगळे! लोकांनी ओरड केली, तेव्हा त्याचा फलक इतरांच्या रांगेत लागला.

मला सर्वांत भिडला तो बक ओनील. निग्रो लीगमधला खेळाडू आणि व्यवस्थापक, पुढे मोठ्या लीगमधला पहिला काळा प्रशिक्षक. कॅन्सस सिटीला निग्रो लीगचं संग्रहालय उभं करण्यात त्याचा मोठा वाटा. २००६ मध्ये खास समितीने त्या काळातल्या सतरा जणांना एकदम निवडलं. सतराही जण हयात नव्हते. हयात असलेला ९४ वर्षांचा ओनील मात्र वगळला गेला. तरी तो समारंभाला गेला, त्या सतरा जणांच्या वतीने बोलला, आणि जमलेल्या सगळ्यांना हात धरायला लावून गाणं म्हणायला लावलं. दोन महिन्यांनी तो वारला. त्याची निवड झाली डिसेंबर २०२१ मध्ये.

आमच्या शाळेत मॅट्रिकला पहिल्या आलेल्यांचा लाकडी फलक होता. त्यावर एक नाव नसलं तर त्या घरातले लोक पिढ्यानपिढ्या बोलत. मार्क कुणाच्या लक्षात नसत, पण नाव नसणं बरोबर लक्षात राही. आकडा माहिती देतो, फलक आपलेपणा देतो. नेटवर सगळे आकडे असूनही लोक भिंतीसाठी का भांडतात, त्याचं उत्तर मला इथे सापडतं. पत्रकारांनी जाहीर केलेली मतं एकेक करून मोजत बसणारे चाहते आजही आहेत. २००७ मध्ये कॅल रिपकेन आणि टोनी ग्विन यांच्या समारंभाला त्या खेड्यात सुमारे ७५ हजार माणसं लोटली होती. निकालाचा मान कदाचित ओसरला असेल, पण ओढ ओसरलेली दिसत नाही. आणि भांडण थांबलं असतं, तर पेज वेगळ्या कोपऱ्यातच राहिला असता आणि ओनील बाहेरच.

शेवटी जपानच्या इचिरो सुझुकीची गोष्ट. एका हंगामातल्या २५७ हिटचा जॉर्ज सिस्लरचा १९२० सालचा विक्रम त्याने २००४ मध्ये मोडला, आणि काही वर्षांनी सिस्लरच्या थडग्यावर फुलं वाहून आला. खेळत असतानाच तो कूपर्सटाउनला अनेकदा जाऊन जुन्या खेळाडूंच्या वस्तू पाहायचा. २०२५ मध्ये तो स्वतः निवडला गेला, ३९४ पैकी ३९३ मतांनी. तो एक विरोधक कोण, म्हणून चाहते खवळले. इचिरो म्हणाला, त्या गृहस्थाला घरी बोलवायला आवडेल, बसून थोडं पिऊ आणि गप्पा मारू.