चाचे नभोवाणी (ब्रिटन)

चाचे नभोवाणी : देशाच्या सागरी हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजांवरून, अथवा खाडीच्या मुखाशी युद्धकाळात उभारलेल्या व पुढे ओसाड पडलेल्या बुरुजांवरून, कोणत्याही सरकारचा परवाना न घेता, जाहिरातींच्या उत्पन्नावर चालविलेले ध्वनिक्षेपण. ब्रिटनमध्ये त्याचा बहराचा काळ १९६४ ते १९६७ हा होय. परवानाधारक व्यापारी नभोवाणी तेथे १९७३ मध्ये सुरू झाली. परंतु ती चाच्यांची वारस होती काय, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

राजसनदेने १९२७ साली स्थापन झालेल्या बीबीसी या महामंडळाकडे ब्रिटनमधील नभोवाणीचा संपूर्ण मक्ता होता. श्रोत्यांनी भरलेल्या शुल्कावर चालणारा आणि जाहिरातींपासून अलिप्त असलेला हा कारभार लोकशिक्षणाच्या दृष्टीने थोर होता, यात शंका नाही; तथापि वादकांची संघटना व ध्वनिमुद्रिका-कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांमुळे दिवसाकाठी तबकड्या किती वेळ वाजवाव्यात यावर तेथे कडक मर्यादा होती, आणि लोकप्रिय गीत मूळ गायकाच्या कंठातून ऐकण्याऐवजी नभोवाणीच्या वाद्यवृंदाने बसविलेली त्याची आवृत्ती ऐकण्याची पाळी श्रोत्यांवर पुष्कळदा येई. म्हणून तरुण मंडळी सायंकाळी लक्झेंबर्ग केंद्राकडे वळत, पण त्याचा आवाज गाण्याच्या ऐन मध्यावर क्षीण होऊन जाई. ही तहान खरी होती, आणि पुढील साऱ्या प्रकरणाचे मूळ तिच्यात आहे.

डेन्मार्कजवळ रेडिओ मर्क्युरने १९५८ मध्ये व हॉलंडच्या किनाऱ्याबाहेर रेडिओ व्हेरोनिकाने १९६० मध्ये वाट घालून दिलीच होती. रोनन ओ'राहिली या आयरिश तरुणाने 'फ्रेडेरिशिया' हे जुने डॅनिश प्रवासी जहाज आयर्लंडमधील ग्रीनोर बंदरात सज्ज करून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याबाहेर आणले, आणि २८ मार्च १९६४ रोजी, ईस्टरच्या शनिवारी, रेडिओ कॅरोलाइनचे ध्वनिक्षेपण सुरू झाले. त्याच वर्षी 'मी अमिगो' या जहाजावरील रेडिओ ॲटलांटा त्यात विलीन होऊन पहिले जहाज आयल ऑफ मॅनकडे रवाना झाले. डिसेंबरात अमेरिकी नौदलाच्या एका जुन्या जहाजावरून रेडिओ लंडन अवतरले.

जाहिरातीचे व्यवहार लंडनमधील मेफेअर या श्रीमंत वस्तीतल्या कचेऱ्यांत होत; निवेदक मात्र उत्तर समुद्राच्या लाटांवर हेलकावत. अन्न, पिण्याचे पाणी, नव्या तबकड्या आणि श्रोत्यांच्या पत्रांची पोती घेऊन लहान नौका किनाऱ्यावरून येई. समुद्र खवळला म्हणजे ती येत नसे, आणि फिरत्या तबकडीवरची सुई जागा सोडून उडे. जानेवारी १९६६ मध्ये 'मी अमिगो' वादळात नांगर तुटून फ्रिंटनच्या किनाऱ्यावर चढले, आणि त्यावरील लोकांना दोराच्या साहाय्याने एकेक करून उतरवून घ्यावे लागले.

सरकारचे आक्षेप निराधार नव्हते. शेजारी राष्ट्रांना नेमून दिलेल्या तरंगलांबींवर हे आक्रमण होते, समुद्रावरील संकटसंदेशांना त्यापासून धोका संभवे, आणि संगीतकारांच्या हक्काचे शुल्क देण्याचे बंधन कोणावरही नव्हते. जून १९६६ मध्ये टेम्स खाडीतील बुरुजावरून चालणाऱ्या रेडिओ सिटीच्या मालकीचा तंटा विकोपास जाऊन तिचे चालक रेजिनाल्ड कॅल्व्हर्ट गोळी लागून ठार झाले, तेव्हा कायद्यावाचून चालणाऱ्या व्यवसायाची परिणती काय होते हे सर्वांस दिसले. जहाज हद्दीबाहेर असल्याने त्यावर जप्ती आणता येत नव्हती. म्हणून मजूर पक्षाच्या सरकारने १९६७ च्या कायद्यात युक्ती अशी योजिली की, अशा केंद्रावर काम करणे, त्यास रसद पुरविणे आणि त्यास जाहिरात देणे हे ब्रिटिश प्रजाजनांसाठी अपराध ठरविले. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री त्याचा अंमल सुरू झाला. रेडिओ लंडन त्याच दुपारी बंद झाले. कॅरोलाइन परदेशी रसदीवर मार्च १९६८ पर्यंत तगली, आणि अखेर थकलेल्या बिलांपायी तिची दोन्ही जहाजे ओढून नेण्यात आली.

बंदीनंतर दीड महिन्यानेच, ३० सप्टेंबर १९६७ रोजी, बीबीसीने रेडिओ वन ही शाखा उघडली. तिचा पहिला निवेदक टोनी ब्लॅकबर्न चाच्यांच्याच जहाजांवर तयार झालेला होता, आणि त्याच्यासारखे अनेक होते. ज्यांना अपराधी ठरविले त्यांचीच शैली आणि त्यांचीच माणसे सरकारमान्य संस्थेने स्वीकारली, यावरून श्रोत्यांची मागणी नाकारण्यात शासनाचे चुकले होते असेच म्हणावे लागते.

पुढे १९७० मध्ये सत्तेवर आलेल्या हुजूर पक्षाने १९७२ चा ध्वनिक्षेपण कायदा करून स्थानिक व्यापारी केंद्रांना मुभा दिली. ८ ऑक्टोबर १९७३ रोजी वृत्तप्रधान एलबीसी व १६ ऑक्टोबरला कॅपिटल रेडिओ ही केंद्रे लंडनमध्ये सुरू झाली, आणि १९७६ पर्यंत देशभरातील केंद्रांची संख्या १९ झाली. परंतु या केंद्रांचे प्रक्षेपक नियामक प्राधिकरणाच्या मालकीचे होते, केंद्रांनी त्यांचे भाडे द्यायचे होते. जाहिरातींना तासाला नऊ मिनिटांची मर्यादा होती, स्थानिक बातम्यांची सक्ती होती, आणि तबकड्यांवरील वेळेचे बंधन त्यांनाही सुटले नव्हते. अखंड गाण्यांची चाच्यांची रीत त्यात बसणारी नव्हती. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते, १९७३ ची केंद्रे चाच्यांनी दाखवून दिलेल्या बाजारपेठेची वारस होती, त्यांच्या स्वातंत्र्याची नव्हे. राष्ट्रव्यापी व्यापारी केंद्राला परवानगी मिळण्यास १९९० चा कायदा व्हावा लागला.

कॅरोलाइन मधल्या काळात अनेकदा समुद्रावर परतली. २०१७ मध्ये तिला मध्यमलहरींवरील सामुदायिक नभोवाणीचा रीतसर परवाना मिळाला. तिला दिलेली ६४८ किलोहर्ट्झ ही वारंवारता पूर्वी बीबीसीच्या जागतिक सेवेची होती.