डोळ्यांची साथ, पायांचा लकवा आणि कर्जत-खोपोलीची गाडी

कर्जत आणि खालापूर हे तालुके बोरघाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे त्यांच्या साथींचा इतिहास मुंबईच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोहोचला, १८६३ मध्ये तो घाट चढून वर गेला, आणि पुढे १८९१ मध्ये कर्जत ठाण्यातून कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात आले तरी कचेरीची कामे तेवढी अलिबागकडे वळली. दुखणे जड झाले की माणसे मुंबईच्याच मोठ्या रुग्णालयांकडे जात राहिली. १८९६ चा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा हे दोन्ही देशात आधी मुंबईत दिसले व तेथून इतरत्र पसरले. इन्फ्लुएन्झाच्या त्या काळात युरोपात 'एन्सेफलायटिस लेथार्जिका' हा मेंदूला सूज आणून रुग्णाला दीर्घ गुंगीत नेणारा विकार चर्चेत आला खरा, परंतु त्याचा साथीशी असलेला संबंध आजही वादग्रस्त आहे. साथ आणि मज्जासंस्था यांचा अधिक स्पष्ट संबंध मुंबईतच, १९७१ मध्ये, उघडकीस आला.

त्या वर्षी मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ पसरली. बुबुळाभोवतीच्या पातळ आवरणाखाली रक्त उतरून डोळा लालभडक होई आणि आठवडाभरात बहुधा बराही होई, म्हणून तिचे कोणाला फारसे भय वाटले नाही. १९६९ मध्ये घानात प्रथम दिसलेल्या या रोगाला, त्याच सुमारास झालेल्या चांद्रमोहिमेमुळे, तेथे 'अपोलो ११' असे नाव पडले होते. त्याचा कारक विषाणू पुढे 'एन्टेरोव्हायरस ७०' म्हणून ओळखला गेला. डोळ्याचा पृष्ठभाग शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असतो आणि हा विषाणू ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास चांगला वाढतो, ही त्याची विशेषता होय. डोळे बरे झाल्यानंतर एक ते काही आठवड्यांनी मात्र मोजक्या रुग्णांच्या कंबरेतून पायात कळा येऊ लागत आणि मग मांडीचे स्नायू लुळे पडत. हा लकवा दोन्ही पायांत सारखा नसे आणि स्पर्शज्ञान बहुधा शाबूत राही. जे. जे. रुग्णालयातील न्यूरॉलॉजी विभाग उभारणारे डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी, तसेच डॉ. एडी भरूचा व त्यांचे सहकारी, यांनी १९७२ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ही निरीक्षणे मांडली. वाडिया यांच्या गटाने १९७३ मध्ये या विकाराचे 'लंबोसॅक्रल रॅडिक्युलोमायलायटिस', म्हणजे मज्जारज्जूच्या खालच्या भागाचा व तेथून निघणाऱ्या चेतामुळांचा दाह, असे वर्णन केले. पोलिओ प्रामुख्याने लहान मुलांना होई आणि हे रुग्ण बहुतांशी प्रौढ होते, या फरकामुळे निदानास मोठी मदत झाली.

डोळे आलेल्या सुमारे दहा हजारांत एखाद्यालाच हा लकवा होतो असा अंदाज पुढे मांडला गेला. या प्रमाणाचा अर्थ कर्जत-खालापूरच्या नकाशावर नीट उमगतो. २०११ च्या जनगणनेत या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी दोन लाखांच्या थोडी वर होती. तेवढ्या वस्तीतील पाचव्या हिश्शाचे डोळे आले तरी एका तालुक्यात लकव्याचे चारच रुग्ण निघतील, आणि ते चौघे चार गावांत विखुरले असतील. कशेळ्याच्या किंवा वावोशीच्या डॉक्टराला आयुष्यात एखादाच असा रुग्ण दिसेल आणि महिन्यापूर्वी डोळे आले होते का, हे विचारण्याचे त्याला कारणच सापडणार नाही. घरच्यांच्या लेखी रुग्णाच्या अंगावरून वारे गेले, एवढीच त्याची नोंद. हे चौघे एकाच वॉर्डात आले तरच त्यांतून रोगाचे लक्षण दिसू लागते. या शोधाचे श्रेय वाडियांच्या चिकित्सक नजरेला आहेच, पण रुग्णांना एका ठिकाणी आणणाऱ्या शहरालाही ते द्यावे लागते.

१९८१ मध्ये ही साथ मुंबईत पुन्हा आली. या वेळी वाडिया यांच्या गटाने जपानी विषाणुतज्ज्ञांच्या सहकार्याने रुग्णांच्या प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या प्रथिनांची, तपासणी करून लकवा आणि विषाणू यांचा संबंध अधिक भक्कम केला.

१९७१ च्या साथीत रुग्ण मुंबईत एकत्र आले होते; २०२० च्या कोविड साथीने नेमके उलटे केले. कोविडमुळे वास जाणे, पक्षाघात आणि ग्विलन-बारे म्हणजे चेतांवर शरीराच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला होण्याचा विकार, यांवर जगभर संशोधन सुरू झाले. परंतु फेफरे, कंपवात अशा जुन्या विकारांच्या रुग्णांचा रस्ता त्याच वेळी तुटला. २२ मार्चच्या रात्रीपासून मुंबईची उपनगरी रेल्वे थांबली, १५ जूनपासून ती अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी धावू लागली, आणि सर्वसामान्यांना वेळेच्या बंधनासह ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी खुली झाली. त्यातला बराच काळ कर्जत आणि खोपोलीच्या सामान्य रुग्णासाठी उपनगरी गाडीने मुंबईचा बाह्यरुग्ण विभाग गाठण्याची सोय उरली नव्हती. दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे नियम केंद्राने मार्चमध्येच जाहीर केले, पण स्नायूंची ताकद व प्रतिक्षिप्त क्रिया फोनवरून तपासता येत नाहीत. चेतांना पोखरणाऱ्या कुष्ठरोगाची आकडेवारी तर बोलकी आहे: देशात २०१९-२० मध्ये सुमारे १ लाख १४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले होते, २०२०-२१ मध्ये ते सुमारे ६५ हजारांवर आले. रोग एका वर्षात निम्म्याच्या जवळ येत नाही. शोधमोहिमा थांबल्या म्हणून नोंदी घटल्या, आणि अशा वर्षाच्या आकड्यांवर आधारलेला कोणताही अभ्यास लंगडाच राहणार.

म्हणून पुढील साथीत मुंबईच्या वॉर्डावर सारी भिस्त ठेवणे परवडणारे नाही. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, लुळेपणा किंवा बधिरता घेऊन येणाऱ्या प्रत्येक प्रौढाला आधीच्या दोन महिन्यांत ताप, खोकला वा डोळे येणे झाले होते का, हे विचारून त्याचे उत्तर केसपेपरवर तारखेसह लिहिले जावे.